‘येतंय’ म्हणणारं टूलकिट

मासे साफ करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. हात कितीही घासून धुतले तरी एखादं खवलं राहतंच, आणि ते सापडतं कुठे, तर दुसऱ्या दिवशी भांग पाडताना केसात! आमच्या ऑफिसातल्या किश्श्यांचंही तसंच आहे. झालं ते झालं, विसरलो म्हणावं, तर चहाच्या वेळी कुणाच्या तरी तोंडून एक निघतो. त्याची शेपटी धरून दुसरा येतो आणि चहा निवून जातो. मग सुलूकाकी खालून ओरडते, "चाय पितास काय न्हातास गो तिच्यात?"

सुलूकाकी आमची घरमालकीण. खाली ती राहते, मासे विकते, आणि वर तिच्या माडीवर आमचं ऑफिस. मालवणच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आम्ही माणसं चार. भाई हा मालक, तारकर्लीचा. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ‘गावातच कायतरी करूया’ म्हणत परत आलेला. दिगू मसुऱ्याचा, आमचा प्रोग्रॅमर. हा फारसा बोलत नाही आणि बोलला की समोरचा गप्प होतो. शमा आमची टेस्टर, म्हणजे दिगूने बनवलेली वस्तू मोडून दाखवणं हे तिचं काम. तिच्या अब्बांची होडी आहे. चौथी मी. मदतीची पानं लिहायची आणि गिऱ्हाइकांच्या मेलना उत्तरं द्यायची. मी आधी शाळेत शिकवायचे, म्हणून भाईपासून सुलूकाकीपर्यंत सगळे मला ‘बाई’ म्हणतात.

*

आम्ही बनवतो त्याचं नाव ‘रापण’. हे मोबाइल टूलकिट आहे. टूलकिट म्हणजे ॲप नव्हे, ॲप बनवणाऱ्यांना लागणारे तयार भाग. कुणाला फोटो चढवायचा भाग हवा, कुणाला नकाशाचा. आमच्याकडून घ्यायचे आणि जोडायचे. नेटवर्क नसलं तरी चालतं, ही आमची खासियत. त्यात आमची हुशारी काही नाही, आमच्या माडीवर खिडकी सोडली तर नेटवर्कच नसतं!

भाईने हौसेने पाटी लावली : ‘रापण मोबाइल टूलकिट’. दुसऱ्या दिवसापासून निम्मा बाजार माडीवर! कुणाची स्क्रीन फुटलेली, कुणाचा चार्जर लागत नाही. एक रिक्षावाला तर जिना चढून आला आणि म्हणाला, "टूलकिट आसा मां? धा नंबराचो पानो दी."

सुलूकाकीचा फोन बांगड्यांच्या टबात पडला होता. दिगू म्हणाला, आम्ही फोन दुरुस्त करत नाही. काकीने कमरेवर हात ठेवले. "माझ्या माडयेर ऱ्हवतंस, आणि येवडा करूक नको?"

दिगूने मुकाट्याने तो उघडला, पुसला, पंख्याखाली वाळत घातला. फोन सुरू झाला. काकी भारी खूश! फक्त तेव्हापासून तिचा फोन वाजला की गल्लीतली मांजरं जमतात.

*

आता मुख्य भानगड. आमच्याकडे घरातून निघताना कुणी ‘जातंय’ म्हणत नाही. बाजारात जायचं असो की मुंबईला, दारात उभं राहून ‘येतंय’ म्हणायचं. घाटावर ‘येतो’ म्हणतात तेच. ‘जातंय’ म्हणणारा परत येईल याचा भरवसा काय? लहानपणी चुकून ‘जातंय’ म्हटलं तर माझी आई मला परत आत घेऊन पाटावर बसवायची, मग नव्याने निघायचं.

दिगूला काम करताना सगळे संदेश आधी मालवणीत लिहायची सवय. "मगे बदलतंय," म्हणतो आणि विसरतो. फाइल सापडली नाही तर स्क्रीनवर ‘खंय मेलो?’ असं यायचं. ते मी वेळेत पकडलं आणि बदलून घेतलं. पण रापण वापरून केलेलं ॲप बंद करताना निरोपाची एक स्क्रीन येते, तिथे त्याने लिहिलं होतं ‘येतंय’. आणि बोट लावून बाजूला करेपर्यंत ती स्क्रीन आपण होऊन जात नसे.

"असं का रे?" मी विचारलं.

"पावण्याक आपणच दारातसून ढकलूचा न्हय, बाई."

शमाने ते टूलकिट उलटंसुलटं करून तपासलं. कितीदा उघडलं, कितीदा बंद केलं, दर वेळी ‘येतंय’ वाचलं. मी वाचलं, भाईने वाचलं. कुणालाही काही खटकलं नाही! बंद होताना ॲप ‘येतंय’ नाही म्हणणार तर काय म्हणणार?

आणि ते तसंच जगात गेलं.

*

बंगळुरूला कार्तिक नावाचा एक ब्लॉगर आहे. नवी नवी टूलकिट वापरून बघतो आणि त्यांच्यावर लिहितो. या धंद्यातले सगळे त्याला वाचतात. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीला खेडोपाडी फिरणाऱ्या आपल्या माणसांसाठी ॲप करायचं होतं आणि त्यात रापण वापरायचा विचार होता. त्यांनी भाईला स्पष्ट सांगितलं, कार्तिक तुमच्यावर काय लिहितो ते बघू, मग ठरवू.

भाईने आम्हाला समोर बसवून सांगितलं, की हे काम आलं नाही तर माडी सोडावी लागेल. तो पुण्याला परत नोकरी धरणार. ज्यांना जमेल त्यांनी त्याच्याबरोबर यावं. आता कुणाला जमणार? दिगूची आई मसुऱ्याला एकटी. माझा नवरा दर्यावर, घर इथे. शमा म्हणाली, "माका पुण्याक कोण धाडतलो? अब्बा हयसून कुडाळाक सोडूक तयार नाय!" ती हसत म्हणाली, पण नंतर बराच वेळ कीबोर्डच पुसत बसली.  ती माडी मला फार हवी होती. शाळेत असताना सकाळ झाली की उठावंसं वाटायचं नाही. इथे मी रिक्षा मिळाली नाही तर चालत येते.

आणि कार्तिकचं परीक्षण आलं. मथळा : ‘वाट बघायला लावणारं टूलकिट’.

इंग्रजीत होतं, मी मोठ्याने मराठीत सांगत गेले. ‘ॲप बंद करायला गेलो तर एक मराठी शब्द आला. भाषांतर करून पाहिलं : मी येत आहे. मी वाट पाहिली. कॉफी करून आणली. अजून येतच होतं. जेवून आलो. अजून येतच होतं. हे टूलकिट आशावादी आहे, पण वेळेचं पक्कं नाही.’

पुढे आणखी दोन तक्रारी होत्या. एक, नेटवर्क मधेच गेलं की फोटो अर्ध्यावर अडकतो. दुसरी, मदतीची पानं एखाद्या शाळेतल्या बाईंनी लिहिल्यासारखी आहेत!

हे ऐकून सगळ्यात आधी कोण हसलं ते मी सांगणार नाही. पण तिच्या अब्बांची होडी आहे.

*

मालवणी माणसाला राग आला की तो एक शिवी देतो आणि आनंद झाला की दोन. भाई त्या दिवशी मोजायच्या पलीकडे गेला होता.

"लिवा बाई," म्हणत त्याने माडीवर येरझारा सुरू केल्या आणि उत्तर सांगायला लागला. त्यात कार्तिक आला, कार्तिकची आवस आली, त्याची कॉफी आली, बंगळुरूचे रस्ते आले, भाषांतर करणारं यंत्र आणि त्या यंत्राचा बापूस आला. खाली सुलूकाकीने मासे कापणं थांबवलं आणि जिन्याशी येऊन उभी राहिली. बऱ्याच दिवसांत तिने असं काही ऐकलं नव्हतं.

भाई थकून बसला. "झाला लिवन? वाचा."

मी वाचलं : "आपल्या सविस्तर अभिप्रायाबद्दल आम्ही आभारी आहोत."

भाई माझ्याकडे बघत राहिला. "ह्या मी सांगलंय?"

"भावार्थ तोच आसा," मी म्हटलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून शमा म्हणाली, "भाई, तो खरा सांगता." ती मघापासून फोन घेऊन कधी खिडकीशी, कधी जिन्याखाली, नेटवर्क येईल-जाईल तिथे फोटो चढवून बघत होती. फोटो खरंच अर्ध्यावर अडकत होता. "मोडूचा होता तर ता माझ्या हातान मोडूक होया होता. तेका गावला आणि माका गावला नाय. माका राग येयत तर माझोच येवंदे."

भाईचा पारा उतरला. मग आम्ही चौघांनी मिळून खरंखुरं उत्तर लिहिलं. फोटोची चूक आमची, दिगू दुरुस्त करतो आहे. पानांची चूक माझी, बघते. ‘येतंय’ मात्र चूक नाही. आमच्याकडे जाणारा माणूस येतो म्हणतो.

कार्तिकचं उलट उत्तर त्याच दुपारी आलं. ‘म्हणजे तुमचं ॲप जाताना येतो म्हणतं. मग येताना काय म्हणतं?’

मी दिगूकडे पाहिलं.

"काय म्हणना नाय," दिगू म्हणाला. "येता."

मी तेच भाषांतर करून पाठवलं.

*

त्यावर कार्तिक म्हणाला, एकदा समोरासमोर बोलू. व्हिडिओ कॉल ठरला. भाईने इस्त्रीचा शर्ट घातला. सुलूकाकीला बजावलं, की खाली गिऱ्हाइकाशी भांडायचं असेल तर आताच भांडून घे.

कॉल झकास झाला! कार्तिक हसरा, पोरगेलासा निघाला. भाईने एकही मालवणी शब्द तोंडातून जाऊ दिला नाही, घाम पुसत इंग्रजीत बोलला. शेवटी निरोप घ्यायची वेळ आली. भाईने हात जोडले आणि तोंडभर हसून म्हणाला, "ओके कार्तिक, आय ॲम कमिंग!"

आणि फोन बंद केला.

आम्हाला कुणालाच काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी कार्तिकचा मेल आला. ‘तुमचे मालक येतो म्हणाले होते. मी काल घरीच होतो. पाहुण्यांची खोलीही आवरून ठेवली आहे. ते बसने येणार आहेत की रेल्वेने?’

भाईने कपाळावर हात मारला. शमा म्हणाली, "आता तेकाच हय बोलवा. न्हायतर तो जन्मभर दार उघडा ठेवन बसतलो."

*

कार्तिक खरोखरच आला. त्याला टूलकिटच्या नावाचा अर्थ दाखवायचा म्हणून भाईने पहाटे त्याला किनाऱ्यावर नेलं. तिथे रापण ओढत होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. जाळ्याच्या दोन्ही टोकांच्या दोरांना माणसांच्या रांगा, आणि दोराला ज्याने हात लावला त्याचा माशात वाटा. तो कोण, कुठला, हे कुणी विचारत नाही. कार्तिकनेही पँट दुमडली आणि दोर धरला. ओढता ओढता दोनदा वाळूत बसला, पण दोर सोडला नाही.

जाळं वर आलं आणि वाटे पडले. मासे घ्यायला आलेल्या सुलूकाकीने कार्तिकचा वाटा स्वतःच्या हाताने पिशवीत भरून त्याच्यापुढे धरला. चांगले लठ्ठ बांगडे!

कार्तिक जन्माचा शाकाहारी.

तो इंग्रजीत नको नको म्हणत होता आणि काकी मालवणीत घे घे म्हणत होती. "मेल्या, वाटो नाय म्हणूचो नसता!" कोण जिंकलं ते सांगायला नको. बंगळुरूचा नामांकित ब्लॉगर बांगड्यांची पिशवी हात लांब करून धरून भर बाजारातून आमच्या ऑफिसपर्यंत चालत आला. मागे आमच्या गल्लीतली सगळी मांजरं!

दुपारी शमाने त्याला अब्बांच्या होडीवर नेलं. नेटवर्क संपतं तिथे त्याला फोटो घ्यायला लावला. परत येताना ती त्याच्या फोनवरून नजर काढत नव्हती. बंदर जवळ आलं, नेटवर्क आलं, आणि फोटो अख्खा चढला. शमाने जोरात ओरडून अब्बांना सांगितलं, "चढलो!" अब्बांना वाटलं कुणीतरी दुसऱ्याच होडीवर चढलं.

घरी पोचल्यावर कार्तिकने आपल्या परीक्षणाखाली भर घातली. फोटोची चूक दुरुस्त झाली आहे. ‘येतंय’चा अर्थ असा असा आहे आणि मी उगाच जेवण घाईत उरकलं. शेवटचं वाक्य होतं, ‘मदतीची पानं अजून शाळेतल्या बाईंचीच वाटतात, पण आता त्या बाई माझ्या ओळखीच्या आहेत.’

मी ते दर्यावरून आलेल्या नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने तारीफ आहे की टोमणा, असं विचारलं. मला तारीफ वाटली.

*

मग एके दिवशी पुण्याच्या त्या कंपनीच्या इनामदार मॅडम गोव्याला जाता जाता आमच्या माडीवर आल्या. काम द्यायचं की नाही हे त्याच ठरवणार होत्या. सुती साडी, चष्मा, बोलणं मोजकं. कार्तिकचं परीक्षण आणि खालची भर, दोन्ही त्यांनी वाचलेलं होतं.

त्यांनी एकेक भाग स्वतः चालवून पाहिला. ठीक, वाईट, बरं, काहीच म्हणाल्या नाहीत. सुलूकाकीने कोकम सरबत पाठवलं. ते प्यायल्या आणि ग्लास बशीवर ठेवला, त्यावरही काही नाही. आम्ही चौघं भिंतीला टेकून उभे, वर्गाबाहेर काढल्यासारखे.

शेवटी त्यांनी ॲप बंद केलं. स्क्रीनवर ‘येतंय’ आलं. 

"हे असंच ठेवणार आहात?"

मी भाईकडे पाहिलं. ‘बदलू की मॅडम’ म्हणायला काय लागतं? माझी तर इच्छा होती त्याने म्हणावं. एक शब्द गेला तर गेला, माडी राहील! 

"हो मॅडम," तो म्हणाला. "आमच्याकडे असंच म्हणतात."

"अच्छा," म्हणून मॅडम उठल्या. पर्स घेतली, चपला घातल्या, जिन्याच्या तोंडाशी जाऊन वळल्या.

"बरं, येते."

आणि गेल्या.

खाली गाडीचं दार लागलं तरी आम्ही जागचे हललो नव्हतो. शमाने विचारलं, "येते म्हणजे? काम देतली की गेली?"

 भाईने माझ्याकडे पाहिलं. वर्षानुवर्षं मी पोरांना मराठी शिकवलं, पण त्या ‘येते’चा अर्थ मला सांगता येईना.

"कार्तिकाक इचारूया?" दिगू म्हणाला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. पुण्याहून फोन नाही, मेल नाही. भाई पुण्यातल्या मित्राशी खोलीबद्दल बोलत होता, ते आम्ही सगळ्यांनी न ऐकल्यासारखं केलं. चहाच्या वेळी किस्से निघेनात. सुलूकाकी एकदा वर डोकावली आणि न ओरडताच खाली गेली. तिने चहात साखर जास्त घालायला सुरुवात केली होती.

आणि मग मेल आला. इनामदार मॅडमचा. ‘नमस्कार’ नाही, ‘कसे आहात’ नाही. एक लिंक आणि एक ओळ : ‘रापणीवर केलेलं आमचं पहिलं ॲप. आजच तपासून कळवा.’

भाईने ती ओळ तीनदा वाचली, मग खुर्चीत बसला आणि एका दमात दोन शिव्या दिल्या.

शमाने ॲप फोनवर घेतलं. आम्ही तिच्या मागे उभे राहिलो. वर पुण्याच्या कंपनीचं नाव, आत सगळे भाग आमचे. तिने फोटो घेतला, खिडकीपासून मुद्दाम लांब गेली, परत आली. फोटो चढला. नकाशा उघडला. तक्रारीचं पान भरलं. कुठेच काही मोडेना. तिला ते सहन होत नव्हतं.

"वायच बंद करून बघ," मी म्हटलं.

तिने बंद केलं.

स्क्रीनवर आलं : ‘येते.’

शमाने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.  भाईने चष्मा काढून शर्टाला पुसला. थोड्या वेळाने शमाने स्क्रीन बाजूला करायला बोट पुढे केलं, तर दिगूने तिचा हात धरला.

"ऱ्हवांदे गो," तो म्हणाला. "वायच बसांदेत मॅडमांका."